किलिफिशची पिल्लं: नर कोणता, मादी कोणती? (आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ब्रीडिंग)

होटगी_रोड
नमस्कार मंडळी. गार्डनेरीची (किलिफिश या छोट्या रंगीत माशांची एक जात) पिल्लं आठ आठवड्यांची झालीत, बहुतेक अडीच सेंटिमीटरच्या आसपास. सगळी एकाच ४० लिटरच्या टँकमध्ये आहेत. स्पंज फिल्टर, वर काचेचं झाकण, दुपारी पाणी २९ अंशांपर्यंत जातं. दोघांना झकास रंग चढलाय, बाकी सगळी मातकट. बघणारे म्हणतात दोन नर, उरलेल्या माद्या. एवढ्या माद्या खरंच निघतात का? जोड्या लावून पुढं द्यायच्या आहेत, म्हणून खात्री हवी.
दुसरं म्हणजे नोथो गुंथेरी या दुसऱ्या किलिफिशची अंडी कोकोपीटमध्ये ठेवायची आहेत. आपल्याकडच्या उन्हात ते जमेल का?

निळापर
एवढ्यात जोड्या लावू नका. त्या मातकट पिल्लांत नर असणार, आणि बरेच असणार.

किलिफिशमध्ये एका टँकमधला सगळ्यात मोठा नर आधी रंगतो. तो बाकीच्या नरांना सतत दाबतो, कोपऱ्यात हाकलतो, खाणं आधी स्वतः मिळवतो. दबलेला नर रंग आवरून धरतो, कारण रंग दाखवला की मार बसतो. वरवर पाहिलं तर तो अगदी मादीसारखा दिसतो. म्हणून फक्त रंगावर निवड केली की 'जोडी' म्हणून दिलेले दोन्ही मासे नर निघतात, आणि महिनाभरात एकाच्या परांच्या चिंध्या झालेल्या असतात.

गार्डनेरीत मी या क्रमानं बघायला सांगेन:

पहिलं, परांचा आकार. पाठीचा पर आणि पोटाखालचा मागचा पर, म्हणजे एनल फिन, हे दोन बघा. मादीचे पर आखूड आणि कडेला गोल. नराचे मोठे, मागच्या टोकाला लांबत जाणारे. शेपटीच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्याकडे नीट लक्ष द्या. मादीची शेपटी गोलसर राहते, नराचे कोपरे हळूहळू बाहेर यायला लागतात. नर दबलेला असला तरी आकार लपवू शकत नाही, रंग लपवतो.

दुसरं, परांची कड. नराच्या शेपटीला आणि एनल फिनला कडेनं पट्टी येते, पिवळी किंवा निळसर पांढरी, आणि तिच्या आतल्या बाजूनं लालसर रेघ. सुरुवातीला ती इतकी फिकट असते की समोरून दिसत नाही, उजेड तिरका पडला की दिसते. मादीच्या परांवर बारीक तपकिरी ठिपके असतात, पण सलग पट्टी नसते.

तिसरं, अंगावरचे ठिपके. लाल ठिपके मादीलाही असतात, इथंच लोक फसतात. मादीचे ठिपके बारीक, विखुरलेले, विटकरी. नराचे ठिपके कल्ल्याच्या झाकणापासून सुरू होऊन मागं जातात, गडद लाल असतात, आणि त्यांच्यामधली खवलं निळी-हिरवी चमकायला लागतात. ती चमक दिसली की नर.

पोटावरून अजिबात ठरवू नका. आर्टेमिया (बारीक जिवंत खाणं) खाऊन आलेला नर आणि अंडी भरलेली मादी या वयात सारख्याच गुबगुबीत दिसतात.

आता करायचं काय, तर ते दोन रंगलेले नर वेगळ्या टँकमध्ये काढा. उरलेल्यांना सात ते दहा दिवस द्या. दबाव गेला की पुढचे एक-दोन नर आपोआप रंगतील. त्यांनाही काढा, पुन्हा तेवढेच दिवस थांबा. दोन फेऱ्या झाल्या आणि कोणीच रंगलं नाही, तर उरलेल्यांना माद्या म्हणायला हरकत नाही.

सात_रस्ता
निळापर दादांशी सहमत, पण एक फेरी वाचवता येते. फोटो-डबी वापरा.

काचेच्या पट्ट्या घेऊन साधारण १५ सेंटिमीटर लांब, १० उंच आणि ३ रुंद अशी अरुंद डबी चिकटवायची. सिलिकॉन पूर्ण सुकायला दोन दिवस द्या, आंबट वास जाईपर्यंत मासे घालू नका. मागं काळा कागद, उजेड वरून आणि किंचित पुढून. टँकमधलंच पाणी डबीत घ्यायचं आणि एकेक पिल्लू सोडायचं. अरुंद असल्यामुळे मासा आडवाच राहतो आणि पर नीट दिसतात.

डबीत टाकल्यावर लगेच बघू नका. घाबरलेल्या माशाचा रंग उतरतो, पर अंगाला चिकटतात, मग सगळ्या माद्याच दिसतात. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या.

आणि खात्रीची परीक्षा म्हणजे त्या डबीला लागून दुसऱ्या डबीत मोठा रंगलेला नर ठेवा. मध्ये काच असल्यामुळे मारामारी होत नाही. लहान नर त्याला बघून पर ताणतो, अंग आडवं धरून थरथरतो, नाहीतर एकदम मागं सरून तळाशी बसतो. मादी एकतर दुर्लक्ष करते किंवा शांतपणे जवळ येते. मोबाइलवर व्हिडिओ काढून तो सावकाश बघा, पराची कड त्यात जास्त स्पष्ट दिसते.

निळापर
डबीची कल्पना पटली, फक्त एक अट. सकाळी खायला घालायच्या आधी बघा. आणि एकाच बैठकीत सगळ्यांना नर-मादी असा शिक्का मारू नका. शंका असेल त्यांचा तिसरा गट ठेवा. अडीच सेंटिमीटरच्या माशात तिसरा गट मोठा असणारच.

अजून एक. मातकट दिसणाऱ्या पिल्लाला वेल्व्हेट झालेला नाही ना, हेही पाहा. अंधारात टॉर्च तिरका मारला आणि अंगावर सोनेरी पावडर उडवल्यासारखं दिसलं तर तो आजार. अशा वेळी नराचाही रंग जातो, पर मिटलेले राहतात. आधी उपचार, मग ओळख.

होटगी_रोड
धन्यवाद दादा. पर मिटलेले नाहीत, टॉर्चनं पाहिलं, स्वच्छ आहेत. पण पिल्लांच्या आकारात फार फरक आहे. काही तीन सेंटिमीटर, काही जेमतेम दोन. नर-मादी ओळखू येत नाहीत ते त्यामुळेच का?

निळापर
हो. आकारात फरक असेल तर नर-मादी ओळखणं दुप्पट अवघड होतं. दोन सेंटिमीटरच्या पिल्लाला वयानं आठ आठवडे झाले तरी वाढीनं तो पाच आठवड्यांचाच असतो. आधी आकारानुसार वेगळे करा, मग लिंग बघा. आकाराचा फरक येतो तो अंडी रोज वेचून एकाच भांड्यात टाकल्यामुळे. पहिल्या दिवसाची पिल्लं दहाव्या दिवसाच्या पिल्लांना खाऊ देत नाहीत, अगदी बारीक असतील तर खाऊनही टाकतात.

विणकर
मॉपबद्दल, म्हणजे मासे ज्यात अंडी देतात त्या धाग्यांच्या झुबक्याबद्दल, मी सांगतो, कारण आपल्या गावात यात एक चूक हमखास होते. सोलापुरात सूत कुठंही मिळतं, म्हणून लोक चादरीचं किंवा टॉवेलचं उरलेलं सूत आणून मॉप बांधतात. सुती धागा पाण्यात कुजतो, पंधरा-वीस दिवसांत बुळबुळीत होतो आणि अंड्यांना बुरशी लावतो. अॅक्रेलिक लोकर घ्या, स्वेटरची. गडद हिरवी किंवा काळी घेतली तर अंडी लगेच दिसतात.

रंग सुटतो का ते आधी बघा. लोकर दहा मिनिटं उकळा, पाणी फेका, पुन्हा उकळा. दुसऱ्या पाण्यातही रंग उतरत असेल तर ती लोकर नको.

२०-२२ सेंटिमीटर उंचीच्या पुस्तकाभोवती ३५-४० वेढे घ्या. एका टोकाला घट्ट गाठ मारा, दुसरं टोक कात्रीनं कापा. गाठीला थर्मोकोलचा तुकडा किंवा बाटलीचं बूच बांधलं की मॉप वर तरंगतो. गार्डनेरी वरच्याही मॉपमध्ये अंडी देतात आणि तळाच्याही, म्हणून एक तरंगता आणि एक बुडालेला ठेवा.

एका नरामागं दोन माद्या, जमल्यास तीन. एक नर एक मादी ठेवली तर नर मादीला उसंत देत नाही. आठवडाभर नर वेगळा, माद्या वेगळ्या, दोघांना भरपूर जिवंत खाणं, मग एकत्र.

अंडी बोटानंच वेचा. दीड मिलिमीटरच्या आसपासचं अंडं, चांगलं असेल तर चिमटीत दाबलं तरी फुटत नाही. जे फुटतं ते तसंही वाया गेलेलं. पांढरं अंडं दिसलं की त्याच दिवशी काढा.

होटगी_रोड
विणकर काका, अंडी पाण्यात ठेवू की कोकोपीटवर?

विणकर
दोन्ही चालतं. पाण्यात ठेवलीत तर उथळ डबी, मिथिलिन ब्लूचा (बुरशीवरचं औषध) एक थेंब, फिकट निळं पाणी, अंधारी जागा. १४ ते २१ दिवसांत फुटतात. पण मग निळापर म्हणतात तोच त्रास, रोज थोडी थोडी पिल्लं.

ओलसर कोकोपीटवर आठ-दहा दिवसांत वेचलेली अंडी पसरून डबी बंद केली आणि तीन-साडेतीन आठवड्यांनी एकदम पाणी घातलं, तर जवळजवळ सगळी एकाच दिवशी बाहेर येतात. पिल्लं सारख्या आकाराची, म्हणजे पुढं नर-मादी निवडणंही सोपं. पाणी घालण्याआधी भिंगातून डोळे दिसतात का ते बघा. सोनेरी कडेचे दोन काळे डोळे स्पष्ट दिसले की अंडं तयार.

पाणवनस्पती
तापमान आणि पाण्याचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. २९ अंश गार्डनेरीला जास्त आहे. २२ ते २६ मध्ये ते सुखात असतात. २९ ला लगेच मरत नाहीत, पण पाण्यात ऑक्सिजन कमी, अंड्यांना बुरशी जास्त, आणि आयुष्य घटतं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे बाहेर ४२ अंश असताना अंडी धरण्याचा हट्ट नको. गार्डनेरीचं ब्रीडिंग जुलै ते फेब्रुवारी. ऑस्ट्रेले जातीचे किलिफिश तर सोलापुरात एसीच्या खोलीशिवाय आणूच नका, त्यांना उष्णता सोसत नाही.

मात्र आपली हवा कोरडी आहे, त्याचा फायदा घ्या. काचेचं झाकण काढा आणि मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा. किलिफिश उडी मारतात, म्हणून जाळीला एका बोटाची फटसुद्धा नको, वायर जाते ती जागाही स्पंजनं बुजवा. जाळीवरून छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडला की बाष्पीभवनानं पाणी तीन-चार अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हे एवढं चालत नाही, इथं चालतं.

याची दुसरी बाजू अशी की पाणी रोज आटतं आणि क्षार मागं उरतात. आटलेलं पाणी बोअरच्या पाण्यानं भरत राहिलात तर कठीणपणा वाढतच जाणार. भर घालायची ती आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यानं. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊ द्या, मग ड्रम भरा. गार्डनेरीला बोअर आणि पावसाचं पाणी निम्मं-निम्मं छान चालतं.

नळाचं, म्हणजे उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं आणि सगळ्यांकडे साठवलेलं असतं. ताजं पाणी टँकमध्ये घालायचं असेल तर १०० लिटरला १ ग्रॅम हायपो (क्लोरीन घालवणारे खडे) पुरतं. ड्रमला जाळी बांधा, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळतो.

अजून एक महत्त्वाचं. बोअरच्या पाण्याचा पीएच जास्त असतो, आणि पीएच व तापमान दोन्ही वाढलेलं असताना थोडा अमोनियासुद्धा पिल्लांना जाळतो. म्हणून पिल्लांच्या टँकमध्ये रोज २० टक्के पाणी बदल, उरलेलं खाणं पाइपनं ओढून घ्या.

होटगी_रोड
ताई, जाळी आजच बसवतो. मग नोथोला हे पाणी चालेल का?

कोकोपीट
नोथोला आपलं पाणी उलट बरं. पूर्व आफ्रिकेतल्या पावसाळी डबक्यांतले मासे ते, कठीण पाणी आणि उन्हाचा तडाखा दोन्ही सोसतात. गुंथेरी झांझिबारचा. नव्या माणसानं त्याच्यापासूनच सुरुवात करावी, राकोवी ही दुसरी नोथो जात नंतर.

कोकोपीट नर्सरीतलं चालेल, पण खत मिसळलेलं नको. वीट भिजवा, तीन वेळा उकळून पाणी फेका. कोकोपीटमध्ये मीठ असतं ते निघालं पाहिजे आणि तपकिरी रंगही उतरला पाहिजे. मग गाळून, जाड कचरा काढून, प्लॅस्टिकच्या डब्यात चार सेंटिमीटर थर द्या. डब्याच्या झाकणाला हाताच्या मुठीएवढं भोक पाडा, म्हणजे मासे आत जातात आणि कोकोपीट टँकभर उधळत नाही. एक नर, दोन-तीन माद्या, २० लिटरचा टँक. पाण्यात लिटरला १ ग्रॅम खडे मीठ घाला, नोथोला वेल्व्हेट पटकन होतो आणि मिठानं तो बराच दूर राहतो.

दहा-बारा दिवसांनी डबा काढा. कोकोपीट बारीक जाळीत ओता, हातानं पिळा. अंडी राजगिऱ्याच्या दाण्याएवढी आणि चिवट असतात, पिळल्यानं फुटत नाहीत. नंतर वर्तमानपत्रावर पसरून सावलीत ठेवा. इथं लक्ष ठेवावं लागतं. बाहेरच्या शहरांतले लोक रात्रभर पसरून ठेवतात, आपल्याकडच्या कोरड्या हवेत तेवढ्यात अंडी सुकून खपाटीला जातात. दर अर्ध्या तासानं हात लावून बघा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, बोटानं टोचला की सुटावा, थेंब गळू नये. एवढं झालं की थांबा.

मग पिशवीत भरा, आत थोडी हवा ठेवून तोंड बांधा, पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात. खोकं घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, फरशीवर. गुंथेरीला २४-२५ अंशांना साधारण दोन ते तीन महिने लागतात, राकोवीला पाच ते सात महिने. तापमान वाढलं की अंडी लवकर तयार होतात. म्हणून उन्हाळ्यात पिशवीवर लिहिलेली तारीख बघत बसू नका. दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून दोन-चार अंडी भिंगाखाली घ्या. डोळे दिसले की पाणी घाला.

सात_रस्ता
एकाच पिशवीतली अंडी वेगवेगळ्या वेळी तयार का होतात?

कोकोपीट
कारण अंड्याच्या वाढीत तीन थांबे असतात, डायपॉज म्हणतात त्याला. काही अंडी थांबा न घेता सरळ जातात, काही महिनोन् महिने तिथंच बसतात. जंगलात अवेळी सर पडून डबकं भरलं आणि लगेच आटलं, तर सगळी पिल्लं एकदम मरू नयेत, ही ती सोय. म्हणून एकदा पाणी घातल्यावर कोकोपीट फेकू नका. पिल्लं काढून घ्या, पुन्हा पिळा, सुकवा, तीन-चार आठवड्यांनी परत पाणी घाला. दुसऱ्या खेपेलाही निघतात.

पाणी घालायचं ते गार, १६-१८ अंश. आपल्याकडे फ्रीजचं पाणी मिसळून तेवढं करावं लागतं. कोकोपीटच्या वर फक्त दोन-तीन सेंटिमीटर, त्याहून खोल नको. पिल्लं काही तासांत फुटायला लागतात. त्यांना पहिल्या दिवशी पृष्ठभागावर येऊन हवेचा फुगा भरून घ्यावा लागतो. पाणी खोल असेल, किंवा अंडी कच्ची वा फार जुनी असतील, तर तो भरत नाही आणि पिल्लू तळाशी सरपटत राहतं. ते नंतर सुधारत नाही. अशा पिल्लांतून ब्रीडिंग करू नका.

विणकर
आर्टेमिया तयार ठेवूनच पाणी घाला. १ लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा अंडी, जोरात हवा, वर बल्ब. २८ अंशांना २४ तासांत तयार, उन्हाळ्यात त्याच्या आधीच. फुटल्यावर लवकर खायला घाला, पोटातला बलक संपला की त्यात सत्त्व उरत नाही.

निळापर
नोथोचं नर-मादी ओळखणं गार्डनेरीपेक्षा सोपं. वाढ इतकी वेगात होते की तीन-चार आठवड्यांत नराच्या शेपटीवर लाली येते. गुंथेरीची शेपटी लाल, कडेला बारीक काळी रेघ. मादी शेवटपर्यंत राखाडी-मातकट, पर पारदर्शक, आणि तिचा एनल फिन टोकाकडे त्रिकोणी होत जातो, नराचा गोल आणि रुंद. दबलेले नर इथंही असतात, त्यामुळे मोठा नर बाजूला काढण्याचा नियम तोच.

फुर्झेरी या नोथोच्या जातीत लिंग एक्स-वाय गुणसूत्रांवर ठरतं, हे संशोधनातून माहीत आहे. म्हणजे ढोबळमानानं निम्मे-निम्मे यायला हवेत. एखाद्या खेपेत माद्याच माद्या दिसल्या तर आधी आपल्या डोळ्यांवर शंका घ्या.

पाणवनस्पती
देशी मासा विसरू नका. पश्चिम घाटातला लिनिएटस, दुकानात गोल्डन वंडर म्हणून मिळतो तो याचाच सोनेरी प्रकार. मूळ रंगाच्या लिनिएटसमध्ये मादीच्या पाठीच्या पराच्या बुडाशी काळा डाग असतो आणि अंगावरचे उभे पट्टे ठळक. नराचे पट्टे पुढं फिके पडतात, खवलांची चमक वाढते, एनल फिन लांब आणि टोकदार होतो. लहानपणी पट्टे दोघांनाही असतात, म्हणून पट्ट्यांवर जाऊ नका. सोनेरी प्रकारात पट्टे नीट दिसतच नाहीत, तिथं फक्त पर बघायचे. अंडी मॉपवर, बारा ते चौदा दिवसांत फुटतात. पूर्ण वाढलेला दहा सेंटिमीटरपर्यंत जातो, तेव्हा लहान मासे बरोबर ठेवू नका. उष्णतेला चिवट आहे, सोलापुरात सुरुवात करायला हा सगळ्यात बरा.

होटगी_रोड
दोन्ही नर वेगळे केले, उरलेली आकारानुसार दोन टँकमध्ये. सगळं ठरल्यावर जोड्या देताना अजून काय सांभाळू?

निळापर
गार्डनेरीचा प्रकार माहीत असेल तर डब्यावर लिहा, मिसाजे, मकुर्डी, पी८२ जे असेल ते. नर वेगळे ओळखू येतात, पण माद्या सगळ्या प्रकारांच्या सारख्याच दिसतात. दोन प्रकार एकदा मिसळले की मादीवरून परत वेगळे करता येत नाहीत आणि पुढची पिढी संकर होते. नोथोचंही तेच, गुंथेरी आणि राकोवीच्या माद्या एका टँकमध्ये गेल्या की संपलं. नाव माहीत नसेल तर 'प्रकार माहीत नाही' असं स्पष्ट लिहून द्या, अंदाजानं नाव चिकटवू नका.

आणि जोडीऐवजी एक नर, दोन माद्या असं त्रिकूटच द्या. घेणाऱ्याला अंडी मिळतील आणि मादी जगेल. तिसऱ्या गटातली, शंकेची पिल्लं कोणालाही देऊ नका. बारा आठवड्यांपर्यंत ती स्वतःच काय ते दाखवतील.